अध्यक्ष कोण, हे रास ठरवणार का? ‘राशीनुसार नेतृत्व’ मेसेजची उलटतपासणी

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. आपल्याच जिल्ह्यातल्या एका गावात महिला बचत गटाची बैठक भरली होती. गटात बारा जणी. आधीच्या अध्यक्ष मुलीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेलेल्या, त्या वर्षभर तरी येत नाहीत असं कळलं. बँकेचं कर्ज मंजुरीला आलेलं. सह्या कोण करणार? नवीन अध्यक्ष निवडणं भाग होतं.

चार वर्षं गटाची वही लिहिणाऱ्या एक काकू आहेत. सातवी शिकलेल्या. कुणाचा हप्ता राहिला, कुणी शेळीसाठी किती उचलले, सगळं तोंडपाठ. सगळ्यांना वाटत होतं त्याच होणार. तेवढ्यात एकीने मोबाईल काढला. ‘तुमची रास सांगते तुम्ही कसे नेते आहात’ असा लांबलचक मेसेज. मेष म्हणजे धडाकेबाज, सिंह म्हणजे जन्मजात राजा, कन्या म्हणजे चुका काढणारी, मीन म्हणजे स्वप्नात रमणारी, अशी बारा राशींची यादी. हसत हसत वाचन झालं. मग दुसरी एक जण हळूच म्हणाली, “काकूंचं नाव ‘सु’वरून. म्हंजे कुंभ रास. कुंभेला साडेसाती चालू हाय. बँकेचं कर्ज त्यांच्या सहीनं कशाला उचलायचं?”

झालं. हसणं थांबलं. ‘म’वरून नाव असलेल्या, म्हणजे सिंह राशीच्या, एका वहिनींना अध्यक्ष केलं गेलं. काकू काही बोलल्या नाहीत. वहीत ठराव मात्र त्यांनीच लिहिला.

हा मेसेज तुमच्याही ग्रुपवर आला असेल. कधी ‘राशीनुसार बॉस कसा असतो’ म्हणून, कधी ‘या चार राशींचे लोक उत्तम नेते’ म्हणून. करमणूक म्हणून वाचला तर कुणाचं काही जात नाही. पण दूध संस्थेचा सचिव, शेतकरी कंपनीचा संचालक, कारखान्यातला शिफ्टचा सुपरवायझर किंवा गटाची अध्यक्ष निवडताना तो मध्ये आला, तर कुणाचं तरी नुकसान होतं. म्हणून जरा खोलात जाऊन पाहू.

आधी हे सांगा, रास कुठली धरायची?

मी काकूंना नंतर भेटलो. विचारलं, तुमची रास कुंभ हे कुणी सांगितलं? म्हणाल्या, “नावावरून.” पण ‘सु’ हे त्यांचं सासरचं नाव. लग्नात बदललेलं. माहेरचं नाव ‘रा’वरून होतं.

आता पंचांगातला अवकहडा चक्राचा तक्ता काढा. सत्तावीस नक्षत्रं, प्रत्येकाचे चार चरण, असे एकशे आठ चरण. प्रत्येक चरणाला एक अक्षर आणि नऊ चरणांची एक रास. त्यात ‘सू’ कुंभेत येतं आणि ‘रा’ तुळेत. मार्च २०२५ मध्ये शनी मीन राशीत गेला, तेव्हापासून साडेसाती कुंभ, मीन आणि मेष या तीन राशींना. तुळेला नाही. म्हणजे या काकूंना साडेसाती शनीने लावली नाही, लग्नात तांदळात नाव लिहिलं तेव्हा सासरने लावली!

नावावरून रास काढायची पद्धत मुळात उलटी आहे. जन्माच्या वेळी चंद्र ज्या नक्षत्राच्या ज्या चरणात असेल, त्याचं अक्षर घेऊन नाव ठेवायचं, असा तो तक्ता. नाव आत्याला आवडलं म्हणून, आजीच्या नावावरून किंवा सिरीयल बघून ठेवलं असेल, तर त्या नावावरून मागे जाऊन रास काढण्याला शास्त्राप्रमाणेसुद्धा आधार उरत नाही. ज्योतिषी याला ‘नावरास’ म्हणतात आणि जन्मवेळ माहीत नसेल तेव्हाच नाइलाजाने वापरतात.

बरं, मग जन्मतारखेवरून बघू. काकूंच्या आधार कार्डावर तारीख आहे १ जून. वाचणाऱ्यांपैकी निम्मे आत्ताच हसले असतील. गावातल्या जुन्या लोकांच्या वाढदिवसाला व्हॉट्सअ‍ॅपवर एकाच दिवशी पंचवीस केक का पडतात, हे आपल्याला कुणी सांगायला नको. शाळेत नाव घालताना गुरुजींनी वयाचा अंदाज घेतला आणि १ जून लिहून टाकलं. तीच तारीख दाखल्यावर, तीच आधारवर, तीच पेन्शनच्या कागदावर. मेसेजमधल्या तक्त्याप्रमाणे १ जूनवाले सगळे मिथुन. म्हणजे गावातले निम्मे म्हातारे एकाच स्वभावाचे, बोलघेवडे आणि चंचल नेते ठरतात. पारावर जाऊन खात्री करून घ्या.

शिवाय मेसेजमधल्या तारखा आपल्या पंचांगाच्या नाहीतच. त्या पाश्चात्य पद्धतीच्या. आपल्याकडे मकर संक्रांत १४-१५ जानेवारीला येते, पण मेसेज म्हणतो मकर रास २२ डिसेंबरपासून. हा तीन आठवड्यांपेक्षा जास्तीचा फरक कशाने? पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा फार सावकाश डोलतो. पाश्चात्य पद्धत राशी ऋतूंच्या हिशेबाने मोजते, आपलं पंचांग ताऱ्यांच्या. दोन्हींमध्ये आता सुमारे चोवीस अंशांचं अंतर पडलंय. त्यामुळे १ जूनला मेसेजप्रमाणे सूर्य मिथुनेत आणि पंचांगाप्रमाणे वृषभेत. आणि मुख्य म्हणजे आपल्याकडे ‘माझी रास अमुक’ असं म्हणतात ती सूर्याची नसते, चंद्राची असते. चंद्र एका राशीत साधारण सव्वादोन दिवस राहतो, सूर्य महिनाभर.

काकूंच्या आईने त्यांना एकच गोष्ट सांगून ठेवली होती. “पोळ्याच्या दिवशी झालीस, बैलं वेशीतून निघाली तव्हा.” वर्ष कुणालाच नक्की आठवत नाही. पण यावरून एक गंमत काढता येते. आपल्या भागात पोळा श्रावण अमावास्येला. अमावास्येला चंद्र आणि सूर्य एका जागी असतात. आणि श्रावण संपताना सूर्य सिंह राशीत असतो, कारण ज्या चांद्रमहिन्यात सूर्य सिंहेत जातो त्यालाच श्रावण म्हणतात. म्हणजे पोळ्याच्या दिवशी जन्मलेल्या माणसाची खरी चंद्ररास बहुतेक वेळा सिंह निघते, एखाद्या वर्षी कर्क.

सासरच्या नावाने कुंभ, माहेरच्या नावाने तूळ, आधार कार्डाने मिथुन आणि आईच्या आठवणीने बहुतेक सिंह. बाई एकच. सिंह म्हणजे ‘जन्मजात राजा’, असं तोच मेसेज म्हणतो.

आणखी एक. ज्या वहिनींना सिंह रास म्हणून निवडलं, त्यांच्या राशीपासून मीन आठवी येते. म्हणजे त्याच पंचांगाप्रमाणे त्यांना शनी आठवा. जुनी माणसं आठव्या शनीलाही साडेसातीइतकंच भितात. हे बैठकीत कुणाला सुचलं नाही, आणि मीही सांगायला गेलो नाही. नाहीतर त्या बिचाऱ्यांचंही पद गेलं असतं. साडेसातीचा हिशेब साधा आहे. शनी चंद्रराशीच्या मागच्या, त्याच आणि पुढच्या राशीत असतो तेव्हा साडेसाती. म्हणजे बारातल्या तीन राशींना ती कायम असतेच. बारा जणींच्या गटात सरासरी तिघींना ती कुठल्याही दिवशी असणार. त्या तिघींना सोडून द्यायचं ठरवलं, तर गट चालवायचा कुणी?

शास्त्र काय म्हणतं, मेसेज काय म्हणतो

ज्योतिषाची बाजूही नीट सांगायला हवी. जाणकार ज्योतिषी नुसत्या राशीवरून अधिकाराचा विचार करत नाहीत. ते कुंडलीतलं दहावं घर बघतात, ज्याला कर्मस्थान म्हणतात. रवी कसा आहे हे बघतात, कारण रवी म्हणजे सत्ता. मंगळावरून धडाडी, शनीवरून कष्ट आणि कामगारवर्ग, गुरूवरून सल्लामसलत. राशींचेही चर, स्थिर आणि द्विस्वभाव असे गट पाडतात. मेष, कर्क, तूळ, मकर या चर, म्हणजे सुरुवात करणाऱ्या. वृषभ, सिंह, वृश्चिक, कुंभ स्थिर, म्हणजे धरून ठेवणाऱ्या. उरलेल्या चार दोन्हीकडच्या. ही मांडणी जुनी आहे आणि तिला तिचा असा हिशेब आहे. तिच्यावर विश्वास ठेवायचा की नाही हा भाग पुढे. पण जन्मतारीख बघून ‘तुम्ही असे बॉस’ म्हणणारा मेसेज हे जाणकार ज्योतिषीसुद्धा ज्योतिष मानणार नाही.

मग हा प्रकार आला कुठून? इंग्लंडमधून. ऑगस्ट १९३० मध्ये तिथल्या राजघराण्यात मार्गारेट नावाची राजकन्या जन्मली. लंडनच्या ‘संडे एक्सप्रेस’ या वर्तमानपत्राने आर. एच. नेलर नावाच्या ज्योतिषाकडून तिचं भविष्य छापून घेतलं. लोकांना ते इतकं आवडलं, की पुढे सगळ्या वाचकांसाठी भविष्याचा रकाना सुरू झाला. लाखो वाचकांच्या कुंडल्या कोण मांडणार? म्हणून सोपी युक्ती, फक्त जन्मतारखेवरून बारा गट. आपल्या पेपरातलं राशिभविष्य आणि आताचे मेसेज त्याच युक्तीची नातवंडं.

बारा राशी तरी आपल्या का, असं कुणी विचारेल. नक्षत्रं आपली फार जुनी, वेदांग ज्योतिषात आहेत. राशी नंतर आल्या, बाबिलोन आणि ग्रीकांकडून. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने बृहज्जातकात राशींना ग्रीक नावंही दिली आहेत. सिंहेला ‘लेय’, वृश्चिकाला ‘कौर्प्य’. ‘लेय’ म्हणजे ग्रीकांचा ‘लिऑन’, तोच इंग्रजांचा ‘लायन’. असो, हे जरा विषयांतर झालं.

तीन कप्तान, चार दिवस

आता मेसेज त्याच्याच तारखांनी तपासू. सौरव गांगुलीचा जन्म ८ जुलै १९७२. महेंद्रसिंग धोनीचा ७ जुलै १९८१. सुनील गावस्करांचा १० जुलै १९४९. तिघेही भारताचे कप्तान. तिघांचे वाढदिवस चार दिवसांत. मेसेजप्रमाणे तिघेही कर्क, म्हणजे ‘हळवे, मायाळू, घरच्यासारखं सांभाळणारे नेते’. पंचांगाप्रमाणे तिघांचाही सूर्य मिथुनेत.

आता तिघांना डोळ्यांसमोर आणा. २००२ साली लॉर्ड्सच्या गॅलरीत शर्ट काढून गरगर फिरवणारा गांगुली. २०११ च्या वर्ल्डकप फायनलमध्ये शेवटचा षटकार मारून बॅट फिरवली आणि मग शांत उभा राहिलेला धोनी. आणि १९८१ मध्ये मेलबर्नला पंचांच्या निर्णयावर चिडून सोबतच्या फलंदाजालाही घेऊन मैदान सोडायला निघालेले गावस्कर. एक आग, एक बर्फ, एक तत्त्वाला अडणारा. तिघांची रास एक धरली तर ती रास नेमकं सांगते काय?

कुणी म्हणेल, त्यांची चंद्ररास वेगळी असेल, लग्न वेगळं असेल. असेलही. मग मेसेज कशाला पाठवायचा?

पुण्यात झालेली परीक्षा

“नुसती रास नाही, पूर्ण कुंडली बघितली पाहिजे,” हा खरा आक्षेप. त्याची परीक्षा आपल्याच महाराष्ट्रात झाली आहे. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांनी २००८ मध्ये ती घेतली. सोबत संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे नरेंद्र दाभोलकर आणि स्वतः ज्योतिषाचा अभ्यास केलेले प्रकाश घाटपांडे होते.

परीक्षा साधी होती. दोनशे मुलांच्या जन्माचे तपशील जमवले. त्यातली शंभर मुलं शाळेत हुशार, शंभर मतिमंद. त्यावरून कुंडल्या मांडल्या आणि ज्योतिषांना आवाहन केलं, कुंडली बघून सांगा, मूल हुशार की मतिमंद? एकावन्न जणांनी भाग घ्यायची तयारी दाखवली. प्रत्येकाला दोनशेपैकी चाळीस कुंडल्या पाठवल्या. सत्तावीस जणांनी उत्तरं दिली.

नाणं उडवून उत्तरं लिहिली तर चाळीसपैकी वीसच्या आसपास बरोबर येतील, म्हणजे पन्नास टक्के. ज्योतिषांची सरासरी आली शेहेचाळीस टक्के. सगळ्यात चांगल्या ज्योतिषाची चाळीसपैकी चोवीस बरोबर. एका संस्थेने दोनशेच्या दोनशे कुंडल्या तपासल्या, एकशे दोन बरोबर. हे निकाल २००९ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात छापून आले.

ही परीक्षा नेतृत्वाची नव्हती, बुद्धीची होती, हे खरं. पण विचार करा. हुशार आणि मतिमंद यातला फरक केवढा मोठा! तो ज्या कुंडलीत दिसत नाही, तिच्यात ‘सुपरवायझर कडक की मऊ’ एवढा बारीक फरक दिसेल, असं मानणं मला तरी जड जातं.

मग पटतं का?

“पण माझ्या बाबतीत अगदी बरोबर लिहिलंय हो!” हे वाक्य मी दहा जणांकडून ऐकलंय. खोटं बोलत नाहीत ते. खरंच पटतं. का पटतं, ते बघा. खालचं वर्णन वाचा.

‘तुम्ही कामाला वाघ आहात, पण तुमच्या कष्टाचं चीज झालेलं नाही. वरून तुम्ही कणखर दिसता, आतून हळवे आहात. कुणी विश्वासाने मदत मागितली तर नाही म्हणवत नाही आणि त्याचा लोक फायदा घेतात. तुमच्यात चार माणसं सांभाळायची ताकद आहे, फक्त संधी मिळायला हवी.’

पटलं? हे कुठल्याही राशीचं नाही. मी आत्ता चहा पिता पिता लिहिलं. कुणालाही लागू पडतं, कारण कुणालाही तसंच वाटत असतं.

अमेरिकेतले मानसशास्त्राचे प्राध्यापक बर्ट्रम फोरर यांनी १९४८ मध्ये हाच प्रयोग वर्गात केला. एकोणचाळीस विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला ‘तुझ्या स्वभावाचं वर्णन’ म्हणून कागद दिला. किती बरोबर आहे, पाचपैकी गुण द्या म्हणाले. सरासरी सव्वाचारच्या वर गेली. मग सांगितलं, सगळ्यांचा कागद एकच होता. त्यातली वाक्यं त्यांनी दुकानात मिळणाऱ्या भविष्याच्या पुस्तकातून उचलली होती.

याहून मला महत्त्वाचा वाटतो तो दुसरा अभ्यास. १९७८ मध्ये इंग्लंडमधले मानसशास्त्रज्ञ हान्स आयझेंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन हजारांहून जास्त लोकांचा स्वभाव आणि जन्मरास ताडून पाहिली. मेष, मिथुन, सिंह अशा एक-आड-एक राशींचे लोक जास्त मोकळे, बोलके निघाले. ज्योतिषी खूश झाले. पण आयझेंक तिथे थांबले नाहीत. ज्यांना राशींचे स्वभाव माहीतच नाहीत असे लोक घेतले, लहान मुलं घेतली. तिथे तो फरक गायब! म्हणजे लोक राशीमुळे तसे झाले नव्हते. ‘मी सिंह, मी पुढे होणारा’ हे ऐकत ऐकत ते स्वतःकडे तसंच बघायला लागले होते.

बचत गटात नेमकं हेच घडतं. ‘सिंह’ ऐकलेली वहिनी बँकेत थोडी ताठ बोलते. ‘साडेसाती’ ऐकलेली काकू हात आखडता घेते. मग लोक म्हणतात, बघा, रास खरी ठरली.

जन्ममहिन्याचा परिणाम होतो, पण शाळेमुळे

जन्माच्या महिन्याचा नेतृत्वाशी काहीच संबंध नाही, असंही म्हणता येत नाही. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांच्या पावणेचारशे प्रमुखांच्या जन्मतारखा तपासल्या. जून आणि जुलैत जन्मलेले प्रत्येकी सहा टक्क्यांच्या आसपास. मार्चमध्ये जन्मलेले साडेबारा टक्के. एवढा फरक!

कारण ग्रहांत नव्हतं, शाळेच्या दाखल्यात होतं. शाळेत घालायला वयाची एक तारीख ठरलेली असते. त्या तारखेपासून पुढच्या वर्षीच्या त्याच तारखेपर्यंत जन्मलेली मुलं एकाच वर्गात बसतात, आणि सहा वर्षांच्या वयात दहा-अकरा महिन्यांचा फरक म्हणजे केवढा! मोठं मूल कबड्डीत पुढे, पाढ्यात पुढे, म्हणून मॉनिटर तेच. लहान मूल मागच्या बाकावर. मॉनिटर झालेल्याला पुढे व्हायची सवय लागते, ती आयुष्यभर पुरते. शाळेतले गुरुजी हे वाचत असतील तर एवढंच, मॉनिटर करताना वर्गातल्या सगळ्यात बारक्यालाही एखादं वर्ष संधी द्या.

कामच माणसाला घडवतं

ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम बघा. पहाटे चारला फडात कोयते लागले पाहिजेत, गाडी भरली पाहिजे, उचल फिटली पाहिजे. तो ओरडणारच. तोच माणूस उन्हाळ्यात गावी आल्यावर सप्त्याच्या पंगतीत वाढताना बघा, किती मऊ बोलतो. रास बदलली का? काम बदललं. दूध संस्थेच्या सचिवाला फॅटचा आकडा पॉइंटने चुकवून चालत नाही, म्हणून तो किचकट वाटतो. कन्या राशीचा आहे म्हणून नाही.

१९३९ मध्ये कर्ट लेविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत दहा वर्षांच्या मुलांचे गट करून त्यांना मुखवटे वगैरे बनवायला दिले. काही गटांत मोठा माणूस हुकूम सोडायचा, काहींत मुलांना विचारून ठरवायचा, काहींत नुसता बसून राहायचा. गंमत म्हणजे तीच मोठी माणसं आळीपाळीने वेगवेगळ्या पद्धतीने वागत होती. म्हणजे पद्धत जन्माने चिकटलेली नाही, ती ठरवून बदलता येते. हुकमी गटात साहेब खोलीत असेपर्यंत काम जोरात, तो बाहेर गेला की थंड. विचारून ठरवणाऱ्या गटात तो बाहेर गेला तरी काम चालू.

आपल्याकडचं उदाहरण नगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार. पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले. शेतीसाठी बोअरवेल घ्यायची नाही, ऊस-केळीसारखी पाणी पिणारी पिकं घ्यायची नाहीत, असे कडू नियम गावाने पाळले. असे नियम नुसत्या हुकमाने पाळले जात नाहीत. ग्रामसभेत बसून, भांडून, ठरवून पाळले जातात.

पैसे मागणाऱ्या लिंकपासून सावध

या मेसेजच्या खाली आजकाल एक लिंक असते. ‘तुमचा राजयोग बघा’, ‘प्रमोशन कधी, जाणून घ्या’. उघडली की नाव, जन्मतारीख, वेळ, मोबाईल नंबर, कधी आईचं नाव विचारतात. मग पाच-पन्नास रुपये यूपीआयने भरा, मग खडा घ्या, मग शांती करा. रवीसाठी माणिक, शनीसाठी नीलम. शांती करायचीच असेल तर गावच्या गुरुजींकडे करा, माणूस समोर तरी असतो. अनोळखी लिंकवर जन्मतारीख आणि आईचं नाव देऊ नका, ओटीपी तर कुणालाच नाही. पैसे गेलेच तर लाज न बाळगता लगेच १९३० या सायबर हेल्पलाईनवर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणं अवघड.

आणि गटाची अध्यक्ष निवडायची वेळ आली तर वही उघडा. कोण किती बैठकांना हजर, कुणाची परतफेड वेळेवर, हिशेब कुणाला कळतो, दोघींत भांडण झालं तर दोघी कुणाचं ऐकतात, हे सगळं तिथे लिहिलेलं किंवा तिथल्या बायकांना माहीत असतं. ‘उमेद’च्या सीआरपी ताई पंचसूत्री सांगतात ना, नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि दप्तर, त्यात रास नाही. पदं ठरावीक काळाने फिरती ठेवली तर एकीच्या चांगल्या-वाईट दिवसांवर गट अडूनही राहत नाही.

त्या गटाचं पुढे काय झालं? कर्ज मिळालं. नव्या अध्यक्ष वहिनी चांगल्या आहेत, बँकेत न घाबरता बोलतात. पण हिशेब त्यांना येत नाही, हे त्या स्वतःच सांगतात. सह्या त्या करतात, वही अजून काकूच लिहितात. पोळ्याच्या जन्माचा हिशेब मी काकूंना समजावून सांगितला, सिंह रास निघते म्हणालो. त्या जरा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या.

“मंग आता काय,” म्हणाल्या, “पुन्हा बैठक घ्यायला लावता का?”

आणि हप्त्याची बेरीज करायला लागल्या.